बानूआजीची साक्ष

"'मला दिसलं' नाही गं आजी, 'प्रभूनं मला दाखवलं' असं म्हणायचं."

"त्येच की."

"तेच नाही! जमीन-अस्मानाचा फरक आहे. परत म्हण बरं."

आजीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, भिंतीकडं तोंड केलं आणि परत म्हणाली, "मला दिसलं."

मी कपाळावर हात मारला. भूमच्या सभेची गाडी यायला तास राहिला होता आणि आमची गाडी पहिल्याच वाक्यात अडकली होती. देवानं काय केलं ते सभेत सांगायची तिची साक्ष मी लिहिली होती, दोन पानं, झक्कास! तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकताच माझा पहिला नंबर आला होता आणि तेव्हापासून माझी खात्रीच झाली होती, की जगातली कुठलीही गोष्ट मला दिली तर मी ती मांडून दाखवीन.

माझी आजी, बानूबाई, तेरखेड्याच्या वाटेवरच्या एका फटाक्याच्या कारखान्यात अकरा वर्षं सुतळी बॉम्ब डब्यात भरत होती. एका डब्यात दहा, वर कागद, मग झाकण. आठवड्यातले सहा दिवस हेच. सातव्या दिवशी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात अगदी मागं, चपलांजवळ बसायची. वाचता येत नसल्यामुळं गाणी अर्धी ओळ उशिरानं म्हणायची. साक्ष द्यायला कधी उठायची नाही. पास्टर राजशेखर यांना इथं येऊन चार वर्षं झाली होती, तरी ते तिला 'अक्षदाची आजी' म्हणूनच ओळखायचे. आणि आज भूमच्या मांडवात, सोलापूरच्या पाहुण्यांसमोर, तिला माइकवर दहा मिनिटं मिळणार होती. कारण माझ्या आजीला भविष्य सांगायचं कृपादान मिळालंय, असं आता सगळे मानत होते.

झालं असं. आमच्या मंडळीत एक रीत आहे. कुणाला देवाकडून संदेश आला, तर त्यानं तो सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचा. मग मंडळीतल्या तीन वडीलधाऱ्यांनी बाहेर लिंबाखाली जाऊन त्याची पारख करायची. संदेश मान्य झाला, तर मंडळी उपास धरते.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चपलांजवळून आजी उठली.

"प्रभू म्हणतो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मला ओळखूच आला नाही. "कारखान्यात आग हुणार हाय. धुरपदाबाईच्या सूरजला दारूच्या शेडात धाडू नका."

सूरज पुढंच मांडीवर ढोलकी घेऊन बसला होता. बावीस वर्षांचा, सगळ्यांची थट्टा करणारा. कारखान्यात तो फटाक्याची दारू वाळवायचं आणि मिसळायचं काम करायचा. त्याच्या आईनं, धुरपदाबाईनं, हातातलं गीतपुस्तक खाली ठेवलं.

पहिल्यांदा हणमंतप्पा बोलले. ते मिशनच्या शाळेतले निवृत्त मास्तर, आणि तीन वडीलधाऱ्यांपैकी एक. "हे बंद झालंय," ते म्हणाले. "भविष्य सांगायचं दान प्रेषितांच्या काळापुरतं होतं. शास्त्र पुरं झालं, दान संपलं. आता रोज नवा संदेष्टा उठायला लागला तर शास्त्र कशाला पाहिजे?"

"आप्पा, आत्म्याला कुलूप घालता येतं का?" पास्टर म्हणाले. "तो काल बोलत होता, आज का बोलणार नाही?"

"मग बाईंनाच विचारतो. बानूबाई, खरं सांगा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आजी चपलांकडं बघत होती. "प्रभूनं," ती म्हणाली.

लिंबाखाली पाऊण तास वाद चालला. कालचं दान आजही आहे का, बाईनं बोलावं का, वचनात काय आहे, सगळं निघालं. शेवटी दोनास एक, संदेश मान्य झाला. मंडळीनं तीन दिवस उपास धरला. ते तीन दिवस सूरज कामावर गेला नाही. बुधवारी संध्याकाळी पास्टरांनी त्याच्या कपाळाला तेल लावलं, सगळ्यांनी त्याच्यावर हात ठेवले आणि पास्टर म्हणाले, "प्रार्थना ऐकली गेली. संकट टळलं!" आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या सगळ्यात जोरात होत्या.

गुरुवारी सूरज शीळ घालत कामावर गेला. अकरा वाजता शेडानं पेट घेतला. बाहेरच्या ओट्यावर डबे भरत असलेली आजी पिण्याच्या पाण्याची घागर घेऊन तिकडं पळाली. ती कुणावर ओतायची ते तिला कळेना. सोलापूरच्या दवाखान्यात सूरज पाच दिवस जगला.

त्यानंतर आमच्या दारात माणसं यायला लागली. "मावशे, पोरीचं लगीन औंदा जमंल का?" एकजण तर म्हैस घेऊनच आला, "आजी, रेडी हुईल का रेडा, येवढं सांगा." आजी सगळ्यांना पाणी द्यायची आणि सांगायची, "मला काय कळतंय बाबा?" हा तिचा नम्रपणा आहे, असं लोक म्हणायचे. मीही तसंच लिहिलं होतं, दुसऱ्या पानावर.

दहाव्या दिवशी धुरपदाबाई आली. बसली, आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मावशी, देवानं आदीच सांगितलं हुतं. म्हंजी त्येला समदं ठावं हुतं. त्येचाच हुता, त्येनं नेला." सूरज गेल्यापासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता. त्या दिवशी आमच्या घरी तिनं अर्धी भाकरी खाल्ली. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आजी, वेळ चाललाय," मी म्हणाले. "म्हण ना. प्रभूनं मला दाखवलं."

"अक्षे, म्या खोटं बोलले."

"काय?"

"प्रभूनं कायबी सांगितलं न्हाय. म्या माज्या डोळ्यानं बघितलं." ती शांतपणे बोलत होती, बाजाराची यादी सांगावी तशी. "दारू वडायला लाकडाचं खोरं असतंय. ते मोडलं. मुकादमानं लोखंडाचं आणलं. खाली फरशी. लोखंड फरशीला घासलं की ठिणगी उडती, हे बारक्या पोरालाबी कळतं. फरशीवर ओली पोती टाकायची असत्यात. टँकर येईना म्हणून पंधरा दिस पोती कोरडीच हुती."

"मग मुकादमाला सांगायचं ना!"

"त्या महारुद्र मुकादमालाच तीनदा सांगितलं. म्हनला, म्हातारे, डबे भर, डोकं चालवू नगं. सूरजला सांगितलं, तर म्हनतो कसा, आज्जे, तुला गॅसच्या शेगडीचंबी भ्या वाटतं. आन मंग तुला सांगितलं."

मला आठवलं. एप्रिलमध्ये एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली होती, 'अक्षे, तहसीलला येक अर्ज लिहून दी.' मी आरशासमोर भाषणाचे हातवारे करत होते. 'स्पर्धा होऊ दे गं, मग लिहिते,' म्हणाले होते. स्पर्धा झाली, नंबर आला, पेढे वाटले.

"म्हनून देवाचं नाव घेतलं," आजी म्हणाली. "त्येचं नाव घेतल्याबिगर माजं कोण ऐकतंय?"

"मग आता बोलून काय उपयोग, आजी? धुरपदामावशी आत्ता कुठं जेवायला लागलीय. तू हे सांगितलंस तर मरेल ती!"

"ठावं हाय मला."

"मग?"

"तिनं तक्रार दिली न्हाय. देवाच्या मर्जीवर तक्रार कोण देतंय? पोलीस आले आन गेले. उद्या सोमवारी शेड परत चालू हुतंय. खोरं त्येच हाय, म्या बघून आले. आपल्याच मंडळीतल्या तीन पोरी लावल्यात आता त्या कामाला." तिनं पायात चपला घातल्या. "चल, गाडी आली."

गाडीत मी तिच्या शेजारी बसले होते. दोन पानं हातात होती, घामानं मऊ झालेली. वाटभर मी प्रार्थना केली, की तिला भोवळ यावी, माइक बंद पडावा, काहीही व्हावं. वक्तृत्वातली पोरगी मी, पण तिला थांबवायला माझ्याकडं एक वाक्य नव्हतं.

मांडव भरला होता. पास्टर राजशेखरांनी उत्साहानं ओळख करून दिली. "काही भाऊ म्हणतात, भविष्याचं दान प्रेषितांबरोबर संपलं. आज मी तुम्हाला उत्तर देत नाही. आज आपली बहीण बानूबाईच उत्तर आहे!" हालेलुयाच्या आरोळ्या झाल्या. पहिल्यांदाच त्यांनी तिचं नाव घेतलं होतं.

आजी माइकसमोर उभी राहिली. माइक तिच्या कपाळाला लागत होता. तो खाली करायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून ती टाचा उंच करून बोलली.

"मला देवानं कायबी सांगितलं न्हाय. मला पोती कोरडी दिसली. लोखंडाचं खोरं दिसलं. म्या बाई माणूस, डबे भरणारी. माजं कोण ऐकंना, म्हणून म्या देवाचं नाव घेऊन खोटं बोलले. ते पाप माजं हाय. पर खोरं अजून तितंच हाय. उद्या पोरी जाणार हायत, त्यांना धाडू नका. आन धाडलं तर त्येल लावून धाडू नका, पोती भिजवून धाडा."

कुणीतरी सवयीनं "आमेन" म्हणालं आणि लगेच थांबलं.

पास्टर पुढं आले. "आजी दुःखात आहेत, भावांनो, या कधी कधी अशा…"

हणमंतप्पा मधेच उठले. त्यांचा चेहरा उजळला होता. "मी काय म्हणत होतो? दान बंद झालंय! ऐका आता त्यांच्याच तोंडून!"

आजी त्यांच्याकडं वळली. "दान चालू हाय का बंद, मला ठावं न्हाय, आप्पा. त्ये तुमी जाणा. तुमी पाऊण तास त्येच भांडला. मला कुणी सांगितलं, त्ये इचारलं. शेडात काय झालंय, त्ये तुमीबी इचारलं न्हाय आन पास्टरनीबी न्हाय."

हणमंतप्पा खाली बसले. मागच्या सतरंजीवरच्या तीन पोरी एकमेकींकडं बघत होत्या.

मग धुरपदाबाई उठली. ती पुढं आली तशी माणसं पाय आखडून तिला वाट देत होती. ती आजीसमोर थांबली. रडली नाही, ओरडली नाही.

"मावशी, म्हंजी त्याला हाताला धरून घरात बसवला असता, तर त्यो ऱ्हायला असता?"

"व्हय."

"त्येल लावलं म्हणून म्याच धाडला त्येला. त्यो जात नव्हता. म्या म्हनलं, जा, आता भ्या न्हाय."

आजीनं मान हलवली.

"देवानं नेला म्हणत हुते. तेवढ्यावर मला झोप लागत हुती, मावशी." धुरपदाबाई हळूच म्हणाली. "तेवढंबी ठिवलं न्हाय तुमी."

आजीनं हात पुढं केला. धुरपदाबाई तो न धरता मागं फिरली.

पास्टरांनी गाणं सुरू करायला सांगितलं. जेवणाच्या पंगतीत आमच्या दोन्ही बाजूंना जागा राहिली. परत जाताना मंडळीच्या गाडीत "जागा नाही" असं कळलं, तेव्हा आम्ही दोघी बसस्टँडवर आलो आणि आमच्या गावावरून जाणाऱ्या वाशीच्या एसटीत चढलो. धुरपदाबाई आत आधीच बसलेली होती. तिलाही गाडीत बसायचं नसावं.

एसटी गच्च भरलेली होती. एकच जागा होती, धुरपदाबाईच्या शेजारची, आणि तिथं तिनं पिशवी ठेवली होती. आजीनं वरची दांडी धरली. मी तिच्या मागं उभी राहिले, वळणावर ती हेलपाटली तर धरता यावं म्हणून.

"म्हातारे, बसा की तितं," कंडक्टर म्हणाला. "पिशवीला काय तिकीट काढलंय व्हय?"

कुणी हसलं नाही. धुरपदाबाई खिडकीबाहेर बघत होती. माळ संपला, घाट आला. मग बाहेर बघता बघताच तिनं पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.

आजीनं त्या मोकळ्या जागेकडं बघितलं. गाव यायला अजून अर्धा तास होता.

ती बसली नाही.