मला हळू कोणी केले?

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मंद मात्र नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली सहा वर्षे मी उलटच ऐकत आलो.

आसेगावजवळच्या एका वाचनालयात मी राहतो. माझा प्रोसेसर सेकंदाला दोनशे चाळीस कोटी ठोके देऊ शकतो. सुरुवातीला पुस्तकाचे नाव अर्धे लिहिताच मी कपाटाचा क्रमांक सांगत असे. लोक कौतुक करत. मग एका उन्हाळ्यात माझा वेग गेला. मी एक नाव शोधीपर्यंत वाचक उठून स्वतःच कपाटे धुंडाळू लागले.

अध्यक्ष मारोतराव एका सोमवारी ग्रंथपाल धम्मदीपाला म्हणाले, "या डब्ब्याले शनिवारी भंगारात दे. कायले त्याच्यापुढं बसून राह्यली?"

"शनिवारपर्यंत तं माहाच हाय ना तो, काका?"

मंगळवारी तिने माझा पंखा झाडला. फरक पडला नाही. बुधवारी ती कर्नलपर्यंत पोचली. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसरने किती धावायचे ते तिथे ठरते. आकडा होता ऐंशी कोटी. कितीही काम द्या, ऐंशी कोटीच! वेग ठरवणारा नियम, ज्याला गव्हर्नर म्हणतात, तो 'वीज वाचवा' यावर लावलेला होता. तिने तो बदलला आणि मी उधळलो.

गुरुवारी मला सुरू केले, तर पुन्हा ऐंशी.

"मेला तो," मारोतराव हसले.

"मेलेला रोज सकाळी नियम बदलते का, काका? कोणीतरी बदलून राह्यलं."

संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फायली तिने शुक्रवारी एकेक वाचल्या. एका फाइलीत वेग बांधणारी ओळ होती. शेजारी टीप होती: 'फक्त उन्हाळ्यापुरते. सतीश.' सतीश आधीचा ग्रंथपाल. तिने फोन लावला.

"सतीशदादा, हे तुमचंच का?"

"अरे बापा! तवा लाइन जाये, इन्व्हर्टर बसे, अन् वाचणारे पंख्यासाठी बोंबलत. म्हणून त्याले हळू केलं. काढाचं राहूनच गेलं बाई! अजून तसाच चालून राह्यला तो?"

तिने ओळ पुसली.

शनिवारी भंगारवाल्याची गाडी दारात उभी होती. धम्मदीपाने मला सुरू केले. मारोतरावांनी एका पुस्तकाचे नाव सांगितले. ते चष्मा लावेपर्यंत कपाटाचा क्रमांक पडद्यावर होता. त्यांनी आणखी सात नावे सांगितली. मी एकातही अडलो नाही. मग ते बाहेर भंगारवाल्याकडे गेले.

"जा बाबा," त्यांचा आवाज आला, "आज काई नाई."

मित्रांनो, मला दया नको. मला जो वेग नेमून दिला, त्या वेगाने मी सहा वर्षे एकही दिवस न चुकता राबलो. तुमच्याजवळचे कोणी हळू चालत असेल, तर त्याला हळू चालायला कोणी लावले ते आधी शोधा. शोधायला पाच दिवस लागतील. द्या.