पाहुण्याचा कॅमेरा

लेक गुलनाजचा मस्कतहून फोन आला की हल्ली हाफिजचाचा हातातलं काम टाकून बसायचे. मला अम्मीशीच बोलायचंय, असं एकच पालुपद तिने लावलं होतं. आता अम्मीशी बोलायचं म्हणजे आली का पंचाईत! सकिनाचाचीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं की बोलता येत नव्हतं. मायलेकींचं सगळं बोलणं हातांचं, आणि फोनवर हात कुठून दिसणार? लग्न होऊन पोरगी गेली तेव्हापासून दोघींत जे काही झालं ते बापाच्या तोंडून. पण ही गोष्ट बापाला सांगायची तिची तयारी नव्हती. सासरी काही बिनसलं तर नसेल? कापूरहोळच्या फाट्यावर पंक्चर काढताना चाचांच्या डोक्यात दुसरं काही येत नव्हतं.

म्हणून शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर ते सकिनाचाचीला घेऊन भोरला शाकिरच्या सायबर कॅफेत येऊन बसले. शाकिर त्यांचा पुतण्या. व्हायरसला वैतागून त्याने सगळ्या कॉम्प्युटरवरून विंडोज काढून लिनक्स घातलं होतं, आणि तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला शहाणपण शिकवायचा. पण गुलनाजकडचा व्हिडिओचा प्रोग्राम विंडोजवरच चालायचा. मग या शहाण्याने लिनक्सच्या पोटात आणखी एक खोटा कॉम्प्युटर उभा करून त्यात विंडोज बसवलं. एवढा उपद्व्याप करून आत कॅमेरा काही चालेना.

बाहेरच्या लिनक्सवर मात्र तो छान चालत होता. स्वतःला पडद्यावर बघून चाचीने पदर नीट केला. आत गेलं की नुसती काळी चौकट. शाकिर बाहेर येऊन कॅमेरा जिवंत आहे ना ते बघायचा, पडद्यावरची कॅमेऱ्याची खिडकी खाली ढकलायचा, पुन्हा आत जायचा, पुन्हा काळं. तिकडे गुलनाज शेजारणीच्या घरी कॉम्प्युटरपुढे बसली होती. तिचा फोन आला, अब्बा, अजून दिसत नाही. चाचांचा धीर सुटत चालला.

"शाकिर, नेमकं अडलंय कुठं?"

"चाचा, बाहेरचा कॉम्प्युटर म्हंजी यजमान, आतला पाहुणा. कॅमेरा येकच. घरात येकच ताट हाय म्हणा ना. यजमानच त्यावर जेवाय बसला, तर पाहुणा..."

बोलता बोलता शाकिर थांबला आणि त्याने कपाळावर हात मारला. कॅमेरा जिवंत आहे का म्हणून दर खेपेला उघडलेली खिडकी त्याने बंद केलीच नव्हती, नुसती खाली सारली होती. यजमान ताटावरून उठलाच नव्हता. आमच्याकडे असं कोणी वागलं तर सोयरीक मोडते. त्याने ती खिडकी बंद केली आणि पाहुण्याला काय काय द्यायचं त्या यादीत कॅमेऱ्याच्या नावापुढे पुन्हा खूण केली.

काळी चौकट उजळली. तिकडून पोरीने अम्मीला पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. चाचीने बोट नाचवून दटावलं, रडायचं नाही, हात मोकळे ठेव. चित्र अडखळत होतं, म्हणून दोघी सावकाश बोलत होत्या. शाकिर समजूतदारपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

गुलनाजने आधी अम्मीच्या मागे कोण आहे ते पाहिलं. चाचांनी लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकं घातलं. पण बापाचा जीव तो, राहवेना. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. पोरीने दोन्ही हातांची झोळी केली आणि हळूच हलवली.

चाचांना एवढं हलकं वाटलं की तिथंच बसकण मारावी. बिनसलं वगैरे काही नव्हतं! अशी बातमी लेक बापाला कशी सांगणार? आणि बापानेही ती आईकडूनच ऐकायची असते, तीही सवडीने. तोवर त्याला काही ठाऊक नसतं. चाचा पुन्हा कॅलेंडर वाचू लागले. चाची मात्र पडद्यापुढे दोन्ही हातांनी बोटं मोडून पोरीची दृष्ट काढत होती.

बाहेर आल्यावर चाचीने खुणेने एवढंच सांगितलं, पोरगी खुशाल आहे. चाचांनी गंभीरपणे मान हलवली. तेवढ्यात गुलनाजचा फोन आला.

"झालं का बोलणं? बरं झालं," चाचा म्हणाले. "आता नीट जेवत जा. आन् पान्याचा हंडा-बिंडा उचलू नगंस."

पलीकडे गुलनाज खुदकन हसली आणि कितीतरी वेळ हसतच राहिली. चाचांनी लाजून फोन कानाला तसाच धरून ठेवला.