इसोबेलचं पान

मित्रांनो, मी एक जुना चित्रग्रंथ आहे. ग्लासगोत स्कॉटिश चित्रकारांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा माझा जन्म झाला. माझी रंगीत चित्रं वेगळी छापून, फक्त वरच्या कडेला खळ लावून पानांवर चिकटवली होती. त्या काळी तशीच रीत होती. मला तिचा फार तोरा होता, आणि शेवटी तीच मला नडली.

पुढे युद्धात बॉम्ब पडले. त्यात प्रदर्शनातली कितीतरी चित्रं जळाली आणि माझ्या बाकीच्या प्रतीही गेल्या. त्यातल्या एका चित्रातली, बंदरावर हेरिंग मासे साफ करणारी, सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधलेली एक हसरी मुलगी तेवढी माझ्या पोटात वाचली.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, विक गावातल्या चर्चने भरवलेल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एल्स्पेथने मला घेतलं. तिची म्हातारी मावशी मला चाळता चाळता थांबली.

"अगं, ही तुझी आई. आमची इसोबेल."

एल्स्पेथ रांगत असतानाच तिची आई गेली होती. घरात आईचा एकही फोटो नव्हता. तिने चित्राखाली पेन्सिलीने नाव लिहिलं. मग दर रविवारी हात धुऊन ती मला उघडायची, आईशी चार शब्द बोलायची आणि मला मिटून कपाटात ठेवायची.

तिचा नवरा मर्डो आयुष्यभर बोटीवर राबलेला. तो चिडवायचा, "सासूबाईंना किती कोंडून ठेवशील? दर्यावर पोट भरणाऱ्यांची जागा खिडकीत असते."

मर्डोच्या घराण्यात तसंच होतं. दर्यावर्दी माणसाची तसबीर समुद्राकडच्या खिडकीतच लागायची. एल्स्पेथच्या वाढदिवसाला मर्डोने हलक्या हाताने चित्र सोडवलं, चौकटीत बसवलं आणि खिडकीत टांगलं. ती आनंदाने रडली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

पण आमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही. आधी डोक्यावरचा लाल रुमाल फिकटला, मग गाल, मग हसू. रोज बघणाऱ्या दोघांना काहीच कळलं नाही. कॅनडाहून मर्डोची भाची आली आणि सहज म्हणाली, "मामी, रिकामी चौकट का गं टांगलीय?"

मर्डो खुर्चीत बसला. "मीच त्यांना उन्हात बसवलं गं."

"तू तिला बोटी दाखवल्यास. चहा घे, निवतोय," एल्स्पेथ म्हणाली. तिचा स्वतःचा चहा तसाच राहिला.

तो पांढुरका कागद तिने परत माझ्या पानावर चिकटवला. मित्रांनो, चित्रांवर जीव असेल तर त्यांना पुस्तकातून सोडवू नका. आमच्या पोटातला अंधार ही कैद नव्हे, तिथेच रंग जगतात.

रविवारी ती अजून हात धुऊन मला उघडते.

"रुमाल लाल होता ना रे?"

"लालच होता," मर्डो म्हणतो.

"आणि हसताना दात दिसायचे का?"

मर्डो खिडकीबाहेर बघत राहतो. दिसायचे, एल्स्पेथ. पुढचा एक किंचित तुटका होता, तुझ्यासारखाच. पण मला तुला सांगता येत नाही.