सुकरीला विचारा

भाताची आवणी करताना सुकरीकडे बघून कुणाला संशय आला नसता. डावा पाय बांधाला टेकवायचा, वीतभर अंतर हाताने मोजायचं, रोप खोचायचं. ओळ सरळ. डोळ्यांपुढे मात्र कित्येक वर्षं नुसतं धुकं.

मागच्या वर्षी सर्वेवाला आला तो बांधावरच थांबला. बूट चिखलात घालायची त्याची तयारी नव्हती. "घरात कोणी अपंग?" त्याने लांबूनच ओरडून विचारलं. सुकरीचा धाकटा भाऊ जगन म्हणाला, "नाय." संपलं! अख्ख्या करवंदपाड्यात साठ घरं आणि अपंग शून्य. असल्या कागदावर साहेब लोक सही करतात आणि वर चहा पितात. पुढे जव्हारला डोळे तपासायचं शिबिर भरलं, पण शून्याच्या पाड्याला गाडी कोण पाठवतो?

या वर्षी त्याच मोजणीला नीता आली. मोखाड्याच्या एका संस्थेची, एक पाय पोलिओने गेलेला, काखेत कुबडी. ती सरळ शेतात उतरली. कुबडी रुतली तसा जगन हसला.

"ताई, आधी तुम्ही नीट उभ्या राहा. आमच्यात कोण अपंग नाय. ही आमची बाय दोघींचं काम एकटी काढते."

"अपंग कोण ते मी विचारलंच नाही," नीता म्हणाली. "सुकरीबाय, तुम्हाला विचारते. माझं तोंड दिसतं का?"

सुकरीचा हात थांबला. आजवर तिच्याबद्दल सगळे जगनलाच विचारत आले होते.

"नाय दिसत," ती म्हणाली. "आवाजावरून कळतं, तू दमलीस."

"लिहू नका!" जगन भडकला. "मुकादमाला कळलं तर दिवाळीनंतर बायला वीटभट्टीवर घेईल का तो? आम्ही सगळे भट्टीवर गेल्यावर इकडे एकटी ठेवू तिला?"

भीती खोटी नव्हती. मुकादमाची दया कोणी पाहिली आहे?

"नाव फक्त डॉक्टरकडे जाईल. ग्रामसभेत नुसता आकडा. आणि बायने हो म्हटल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही. तुमचं हो चालणार नाही, जगनभाऊ."

सुकरी कंबर सरळ करत उभी राहिली. "उरलंसुरलं दिसतं तेही गेलं, तर भट्टीवर काय करू, जगन? लिही गं पोरी. आडनावासकट लिही."

मग तिने नीताची कुबडी मागून घेतली, खाचराच्या पाण्यात धुतली, पदराने पुसली. "तू चिखलात उतरलीस. मला विचारलंस. मरेपर्यंत विसरायची नाय."

आमचे पाडे कागदावर जिवंत आहेत ते अशा पोरींमुळे. त्यांचे उपकार मानायला लाज कसली?

"आता पुतळीचं घर," नीता म्हणाली. "तिथेही कोणी अपंग नाही म्हणतात."

"म्हणतीलच. चल, मी येते."

जगन बहिणीच्या अर्ध्या राहिलेल्या ओळीत वाकला. नीताच्या खांद्यावर हात ठेवून सुकरी पुतळीच्या दारात पोचली आणि बाहेरूनच ओरडली, "पुतळे, सासऱ्याला ओटीवर आण! तू गप बसायचं. त्यालाच विचारायचंय."