कडक म्हणून बसवलेल्या स्प्रिंगा

शमीलनं सकाळपासून घासभरही खाल्लं नव्हतं. दुसऱ्यांच्या पोरांची इंजिनं बांधताना तीस वर्षांत त्याला असं कधी झालं नव्हतं. शर्यतीची गाडी सुटली की तो हातभर लांब गॅट्सबी सँडविच खात निवांत बसायचा. आज रांगेतल्या लाल गोल्फ गाडीत त्याची स्वतःची लेक इल्हाम बसली होती.

इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा नवा कॅम तिनंच निवडला होता, चांगला दांडगा. तसल्या कॅमला व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही कडकच लागतात. नाहीतर इंजिन जोरात फिरलं की व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि खालून येणारा पिस्टन त्याला ठोकतो. हे त्यांच्या अथलोन वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. शमीलनं कडक स्प्रिंगा आणल्याही होत्या. पण त्या बसवल्या की पोरगी इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर नेणार, हे बापाला दिसत होतं. म्हणून त्यानं जुन्या मऊ स्प्रिंगाच ठेवल्या, साडेसहा हजारांवर इंजिन आपोआप अडेल अशी मर्यादा घातली आणि तिला बिनदिक्कत सांगितलं, "कडक बसवल्यात."

शेजारचा रफीक हसत आला. "काय शमील बूटा, माझ्या भावा, तोंड का असं? पोरगी आज सगळ्यांची जिरवणार! काल माझ्याकडून मर्यादा वाढवून घेतली तिनं. आठ हजार दोनशे!"

"मला न विचारता वाढवलीस?"

"ती म्हणाली, डॅडींनी कडक बसवल्यात, मग अडवायचं कशाला? बरोबरच आहे की."

 तुटलेला व्हॉल्व्ह, फुटलेलं इंजिन, पुढच्या चाकांखाली सांडलेलं तेल आणि शर्यतीच्या रस्त्याकडेची काँक्रीटची भिंत, सगळं शमीलला धडधडीत दिसलं. तिच्यापुढं आता दोनच गाड्या होत्या. त्या गोंगाटात ओरडून कुणाला ऐकू जाणार? साठीला टेकलेला तो माणूस दोरीखालून वाकून धावत सुटला. पंच शिट्ट्या मारत मागं लागले. आपण आपल्याच हातांनी पोरीला मारायला निघालो होतो, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

त्यानं बॉनेटवर दोन्ही हात आपटले. काच खाली झाली.

"डॅडी, वेड लागलंय का? बाजूला व्हा!"

"इंजिन बंद कर. स्प्रिंगा मऊ आहेत. जुन्याच आहेत."

"कडक म्हणालात."

"खोटं बोललो. भीती वाटली गं मला."

रांगेतले सगळे बघत होते. इल्हामनं किल्ली फिरवली, इंजिन थांबलं. शमीलचा जीव भांड्यात पडला. दार उघडून तो तिला जवळ घ्यायला गेला, पण ती समोरच बघत राहिली.

"आणि ब्रेक?" तिनं विचारलं. "नवे पॅड बसवलेत ना?"

"बसवलेत पोरी. अल्लाची शपथ, नवे आहेत."

ती खाली उतरली, मागून जॅक काढला आणि पुढचं चाक खोलायला बसली.