स्वतःच्या होडीचा न्याय

दादरला सौमित्रच्या घराचे तीन जिने चढताना लतिकाने आपली वाक्यं पुन्हा एकदा घोकून घेतली. वय बासष्ट, गुडघे कुरकुरणारे, पर्समध्ये स्वतः टाइप केलेली चार पानी नियमावली. एरवी ती दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबली असती, पण आज रागानेच तिला वर नेलं.

राग यावा असंच घडलं होतं. 'बंदर' हा मोबाइलवरचा खेळ. आपल्या वाट्याच्या किनाऱ्यावर धक्का बांधायचा, होड्या जमवायच्या, आणि आपल्याकडचं काही देऊन हवं ते दुसऱ्याकडून घ्यायचं. या अदलाबदलीला खेळात काही धरबंध नाही, म्हणून गिरगाव, परळ, दादरच्या तीनेकशे खेळाडूंनी आपला ग्रुप काढला होता. दोघांनी 'पक्कं' लिहिलं की सौदा झाला, मागे फिरायचं नाही. तक्रार आलीच तर तिघांची समिती निवाडा करणार: ग्रुप काढणारा पुष्कर, शाळेत गणित शिकवणारा सौमित्र आणि लतिका. लबाडी करणाऱ्याच्या नावापुढे ग्रुपच्या यादीत लाल खूण. ती लागली की त्या माणसाशी कोणी साधं जाळंसुद्धा बदलत नसे.

अशी खूण व्हायोलाच्या नावापुढे लागली होती. व्हायोला म्हणजे लतिकाची शाळेतली, एकाच बाकावरची मैत्रीण. राहायला गिरगावातच, लतिकाच्या चाळीपलीकडच्या वाडीत. चाळीस वर्षं एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसली आणि कुणाचं इकडचं तिकडे केलं नाही. या व्हायोलाने सात महिने रोज सकाळी चिकाटीने खेळून एक दीपगृह उभं केलं होतं. ते तिने पुष्करला दिलं आणि त्याच्याकडची नारळी पौर्णिमेची सोनेरी होडी घेतली. दोघांनी 'पक्कं' लिहिलं. दोनच दिवसांनी खेळाच्या कंपनीने जाहीर केलं की सोनेरी होडी पुन्हा निघणार नाही. झालं, जो तो होडीच्या मागे लागला आणि पुष्करचं पित्त खवळलं. व्हायोलाचा भाचा प्रेस्टन कॉम्प्युटरवर काम करतो, त्याने आतली बातमी दिली असणार, अशी तक्रार त्याने ठोकली. प्रेस्टन बिस्किटांच्या जाहिरातींची चित्रं करतो. पण हे विचारतो कोण?

निवाडा मोबाइलवरच्या मीटिंगमध्ये झाला. होडी पुष्करला परत. दीपगृह त्याने तोवर तिसऱ्याच कुणाला देऊन टाकलं होतं, त्याच्या बदल्यात व्हायोलाला तीन जाळी. सात महिन्यांच्या कष्टांना तीन जाळी! आणि वर नावापुढे लाल खूण.

या मीटिंगला लतिका नव्हती, आणि तिला आतून खात होतं ते हेच. तिच्या चाळीत गणपतीतल्या स्पर्धांचा एक रिवाज होता. परीक्षकाच्या घरचं कुणी स्पर्धेत असलं तर परीक्षकाने आपण होऊन उठायचं. भाची मृणालिनी रांगोळीला बसली त्या वर्षी लतिका निकाल लागेपर्यंत गच्चीवर जाऊन उभी राहिली होती, आणि चाळीने तिचं कौतुक केलं होतं. व्हायोलाचं नाव निघताच तिने तेच केलं. 'ती माझी मैत्रीण आहे, मी निवाड्यात नको,' असं सांगून ती मीटिंगमधून बाहेर पडली. तिला वाटलं, पुष्करही पडेल. त्याचीच होडी, त्याचीच तक्रार, तो कसा बसेल? तर हा गृहस्थ बसला. नुसता बसला नाही, त्याने मतही दिलं. समोर एकटा सौमित्र उरला. कुणाचं मन मोडणं ज्याला जन्मात जमलेलं नाही, तो काय विरोध करणार! त्याने मान हलवली.

आज रविवारी सकाळी तिघांची समिती सौमित्रच्या घरी बसली. त्याच्या बायकोने साबुदाणा वडे पुढे ठेवले. लतिकाने बशीला हात लावला नाही. चष्मा लावून तिने पहिलाच नियम वाचला: ज्याचा स्वतःचा सौदा तक्रारीत असेल, त्याने निवाड्याला बसू नये.

"मान्य, काकू," पुष्कर लगेच म्हणाला. "एकदम करेक्ट. हे आधीच हवं होतं."

लतिका भांडायच्या तयारीने आली होती, ती क्षणभर गोंधळली. मग म्हणाली की असं असेल तर व्हायोलाचा निवाडा रद्द झाला, खूण आजच्या आज काढा. पुष्करने वडा चटणीत बुडवला. त्याने शांतपणे समजावलं की नियम आजचा आहे आणि निवाडा मागच्या महिन्यातला. मग तिच्याच कागदाचं दुसरं पान उलटून त्याने बोट ठेवलं. नवा नियम जुन्या प्रकरणांना लागणार नाही, असं तिथे तिनेच लिहिलं होतं. उद्या कुणी मागचं उकरून कुणाला छळू नये म्हणून मुद्दाम, ठळक अक्षरात.

"मागून नियम लावायचा म्हणजे अनफेअर ना, काकू? आणि तुम्हाला कुणी बाहेर काढलं नव्हतं. तुम्हीच उठून गेलात."

लतिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने सौमित्रकडे पाहिलं. तुझं काय म्हणणं, असं तिने त्याला सरळ विचारलं. दोघांचंही बरोबर आहे, असं काहीतरी तो पुटपुटला आणि चहाचं बघायला आत गेला. पोरांना गणित शिकवतो हा! दोन्ही उत्तरं बरोबर म्हणून मार्क देतो का?

गिरगावच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. नियम मंजूर झाला होता, अगदी एकमताने. निदान एवढं तरी मिळवलं, पुढे कुणावर ही पाळी येणार नाही, असं ती स्वतःला समजावत राहिली. तेवढी पुंजी घेऊन ती वाडीतल्या लाकडी जिन्याने व्हायोलाच्या व्हरांड्यात पोचली.

व्हायोलाने सगळं ऐकून घेतलं. कागदही वाचला. मग घडी घालून परत दिला.

"म्हणजे त्या दिवशी तू नव्हतीस?"

लतिकाने गणपतीचा रिवाज सांगितला, गच्चीचं सांगितलं, परीक्षकाने कसं वागायचं ते सांगितलं. बोलता बोलता तिचाच आवाज तिला पोकळ वाटायला लागला.

"मला वाटलेलं, तू माझ्यासाठी भांडलीस आणि हरलीस," व्हायोला म्हणाली. "महिनाभर मी तेच धरून होते. दोघं एका बाजूला नि तू एकटी. म्हटलं, चला, एक माणूस तरी होतं. तू तर तिथे नव्हतीसच, लतू."

ती रागाने बोलली असती तर लतिकाला सोपं गेलं असतं. पुष्करवर काढलेला सगळा राग उलटा फिरून तिच्या अंगावर आला. आपण गच्चीवर गेलो, ते आपलं नाव स्वच्छ राहावं म्हणून. व्हायोलाच्या नावाचं काय होईल, हा विचारच केला नव्हता. आपल्या चोख वागण्याची तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिने फोन काढला आणि तिथेच, व्हरांड्यातल्या बाकावर बसून ग्रुपवर लिहिलं. निवाडा पुष्करच्या स्वतःच्या होडीचा होता आणि त्यात मत पुष्करचं होतं. मी समितीत असून उठून गेले, ही माझी चूक. व्हायोलाविरुद्ध एकही पुरावा नव्हता. प्रेस्टन बिस्किटांची चित्रं काढतो. खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि पाठवलं.

पाच मिनिटांत पुष्करने तिला ग्रुपमधून काढून टाकलं. स्क्रीनवर तशी ओळ आली तेव्हा लतिकाला हसूच आलं.

"माझ्याकडे दिसतंय," व्हायोला म्हणाली. खूण लागलेल्यांना काढत नाहीत, त्यांना सगळ्यांनी बघावं म्हणून ठेवतात. तिने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. परळच्या शैलाने विचारलं होतं, पुष्कर, स्वतःच्या होडीवर तूच मत दिलंस का? लालबागच्या दीपकने विचारलं होतं, हो की नाही एवढंच सांग. मग आणखी सहा जणांनी. सौमित्रने एकच शब्द लिहिला होता: दिलं.

व्हायोलाचं वाचणं थांबलं. खूण लागल्यापासून तिने ग्रुपवर एक अक्षर टाकलं नव्हतं. आता ती एका बोटाने, हळूहळू लिहू लागली. लतिका शेजारी बसून बघत राहिली.

'पुष्कर, होडी तुलाच राहू दे. माझ्या नावापुढचं ते पूस. सगळ्यांसमोर पूस. मी इथे बसलेय.'