मागून धावणारा प्रोग्राम

बोडिलच्या पत्राला एस्किलने उत्तर दिलंच नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता. "तू तिथे होतास. खरंच माझ्या कोडमुळे यंत्र दमत होतं का?"

ती विचारत होती त्या शुक्रवारी, डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात दोघं जिथे प्रोग्राम लिहीत त्या विमा कंपनीतली माणसं हातातले लोणी-पाव विसरून पडद्याकडे बघत होती. मेनफ्रेमचा, म्हणजे कंपनीच्या मोठ्या संगणकाचा, प्रोसेसर सतत तुंबायचा. त्यावर उपचार करायला प्रेबेन नावाचे सल्लागार अवतरले होते.

"यंत्र निष्पाप आहे!" प्रेबेननी हात पसरले. "पाप तुम्ही लिहिलेल्या ओळींत आहे!"

आधी बोडिलचा प्रोग्राम चालला, मग त्यांनी 'शुद्ध' केलेला. प्रोसेसरचा वेळ एक तृतीयांशाने घटला. टाळ्यांचा कडकडाट!

"पण डेटाबेस जे राबतो, ते कुणाच्या नावावर धरलंत?" बोडिलने विचारलं.

"बाई, रोग्याने वैद्याला नाडी शिकवू नये."

हशा पिकला. महिनाअखेर बोडिलची नोकरी गेली, आणि मग तिचं ते पत्र आलं.

एस्किलला शंका होती. पण एवढे सगळे चुकले आणि आपण तेवढे बरोबर, हे त्याला स्वतःबद्दल पटेना. पत्र एका पुस्तकात तसंच पडून राहिलं.

हिवाळ्यात बाजारात बोडिलचा नवरा भेटला. "हल्ली साधी बेरीजही माझ्याकडून तपासून घेते रे," तो म्हणाला. "तीस वर्षं चुकीचंच लिहिलं, म्हणते."

सोमवारी एस्किलने बोडिलचा जुना प्रोग्राम काढला आणि लागोपाठ दोनदा चालवला. एकाही ओळीला हात न लावता दुसऱ्या वेळी तोही 'शुद्ध' झाला, वेळ तितकाच घटला! पहिल्या फेरीत माहिती डिस्कवरून उपसून मेमरीत आणावी लागे, त्यात प्रोसेसरचा वेळ जाई. दुसऱ्या फेरीला ती आयती मिळे. प्रेबेननी आपला प्रोग्राम कायम मागूनच धावायला लावला होता.

मग त्याने वेळेची फोड केली. बोडिलच्या स्वतःच्या ओळींना जेमतेम दहावा हिस्सा लागत होता. बाकी सगळं डेटाबेसचं आणि यंत्रासोबत आलेल्या प्रणालीचं काम, फक्त तिच्या नावावर मांडलेलं.

विभागप्रमुख मेरेतेने त्याने लिहून दिलेले आकडे वाचून दार लोटून घेतलं.

"तिच्या जागी माणूस आलाय, एस्किल. आता कशाला उकरतोस?"

"तिची चूक नव्हती."

"वाचता येतं मला."

घरी येऊन त्याने लिहिलं: "प्रिय बोडिल, तुझ्या कोडमुळे नाही. कुणी चमत्कार दाखवला, तर टाळ्या वाजवण्याआधी क्रम उलटा करून बघायचा असतो. आम्हा शिकल्यासवरलेल्यांत कुणीच बघितला नाही. तुझी नोकरी यामुळे परत मिळणार नाही. तरी हे तुला माहीत असावं."

शेवटचं वाक्य त्याला तोकडं वाटलं. पण पुन्हा लिहायला बसला असता, तर पत्र घरातच राहिलं असतं. ओल्या बर्फातून कोपऱ्यापर्यंत जाऊन त्याने ते लाल पेटीत टाकलं.